वीस किलोवॅटची भिंत

सोलरवाला इंजिनीअर शिडीवरून उतरला, हाताचा गंज माझ्याच बारदान्याला पुसला आणि म्हणाला, "काका, तुमच्या बाजूनं पॅनल बसवून फायदा नाही. ऊन सारं तिकडच्या उतारावर आहे."

तिकडचा उतार म्हणजे माझ्या दादाचा. एकाच छपराखाली आम्हा दोघा सख्ख्या भावांच्या दोन डाळ मिली आहेत आणि सात वर्षांपासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. त्या बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? तो आपला सहज बोलून गेला आणि मी मात्र तिथंच एका पोत्यावर बसलो. दादाच्या दारात जायला सात वर्षांत मला एक निमित्त सापडलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी शोधलंच नव्हतं.

आमची शेड जानेफळच्या बाहेर, रस्त्याला लागून. लांबच लांब, मधात आढं आणि दोन्हीकडे पत्र्याचा उतार. उत्तरेचा उतार रस्त्याकडे, तो माझा. दक्षिणेचा मागे नाल्याकडे, तो दादाचा. आढ्याच्या बरोबर खाली एक भिंत आहे. ती भिंत आम्ही विजेच्या दरासाठी बांधली. हसू नका. त्यावर हसायचं तेवढं मी हसून घेतलं आहे, आणि रडायचं अजून सरलेलं नाही.

बाबांच्या काळात वीजबिल म्हणजे शेवटचा आकडा पाहायचा, दोन शिव्या हासडायच्या आणि भरून मोकळं व्हायचं. बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचणारा आमच्या घरात मी पहिला. त्याचा मला लय माज होता. मंजूर भार म्हणजे काय, स्थिर आकार कशाचा, वहन आकार कोण लावतो, इंधन समायोजन आकार कधी वाढतो नि कधी घटतो, हे सगळं मी आमच्या वायरिंगच्या ठेकेदाराच्या मागे लागून शिकलो. जेवायला बसलं की घरच्यांना शिकवायचो. स्थिर आकार म्हणजे मिल बंद असली तरी द्यायचाच. वीज आकार म्हणजे जेवढी जाळली तेवढी. वहन आकार म्हणजे तारेचं भाडं. वहिनी म्हणायची, भाऊजी, आधी भाजीत मीठ बरोबर आहे का ते सांगा. दादा मात्र कौतुकानं ऐकायचा. त्याचं आणि आकड्यांचं कधी जमलं नाही. पण रोलरच्या नुसत्या आवाजावरून तुरीत ओल किती आहे हे सांगणारा माणूस तो. बाबा गेल्यावर मिल त्यानंच उभी ठेवली, मला शिकवलं त्यानं, माझं लग्न लावलं त्यानं. मी फक्त बिल वाचायचो.

तर त्या बारीक अक्षरांत मला एक दिवस खजिना सापडला. उद्योगाच्या जोडणीचे दोन गट. वीस किलोवॅटपर्यंत भार असेल तर एक दर, वीसच्या वर गेलं की दुसरा, जड. आमच्या सगळ्या मोटरी मिळून तेहतीसच्या आसपास भार होता. म्हणजे वीज तीच, तार तीच, खांब तोच, आणि केवळ आम्ही थोडे मोठे म्हणून महाग. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ठेकेदाराला विचारलं, दोन मीटर घेता येतील का? तो म्हणाला, एका जागेत एकाच कामाला दोन जोडण्या देत नाहीत. मग पानाला चुना लावत लावत म्हणाला, पण जागाच दोन झाल्या तर? दोघं भाऊ आहात, वाटणीपत्र करा, मधात भिंत घाला, दोन दारं, दोन फर्म, दोन नावं. दोघंही वीसच्या आत.

दादाला हे पटलं नाही. भिंतीच्या खर्चाबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं, वाटणी हा शब्दच त्याच्या तोंडातून निघत नव्हता. कागदावरही असं लिहू नये, एवढंच तो म्हणत राहिला. मी आठ दिवस त्याचं डोकं खाल्लं. त्याला अडाणी म्हणालो, जुन्या जमान्यातला म्हणालो. कागदाला काय कळतं, म्हणालो. शेवटी त्यानं माझ्यापुढं हात टेकले. तो नेहमीच टेकायचा. लहानपणी पतंग असो की पुढं मोटारसायकल, मी हट्ट धरला की दादा द्यायचा, आणि मला वाटायचं की मी जिंकलो.

वाटणीपत्र घरीच लिहिलं. स्टॅम्पवाला ओळखीचा, वहिनीनं चिवडा केला होता, माझी बायको चहा गाळत होती, सगळे नुसते खिदळत होते. आमच्याकडे रीत आहे की मोठ्यानं वाटे पाडायचे आणि लहान्यानं आधी उचलायचा. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. दादानं शेडचा नकाशा काढला, आढ्याखालून रेघ मारली आणि कागद माझ्यापुढं सरकवून नाटकी आवाजात म्हणाला, "उचला मालक." मी हसत हसत रस्त्याच्या बाजूवर बोट ठेवलं. एक क्षणही लागला नाही. दादानं मान हलवली, ते तसं लिहून घेतलं आणि चिवड्याची ताटली माझ्याकडे केली.

भिंत झाली. भिंतीत छातीएवढ्या उंचीवर एक खिडकीएवढं भोक ठेवलं. दादाच्या बाजूला रोलर, तिथं तूर सोलायची, भरडायची, आणि भोकातून नळीनं डाळ माझ्याकडे यायची. माझ्याकडे चाळणी, पॉलिश, वजनकाटा आणि शिलाई. वीज कंपनीचे साहेब तपासायला आले त्या दिवशी भोकापुढं पोती रचली. साहेबांनी दोन दारं पाहिली, दोन पाट्या पाहिल्या, चहा घेतला आणि गेले. दोन्ही मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर, माझ्या दाराशी, शेजारी शेजारी बसले. पहिलं बिल आलं तेव्हा मी अक्षरशः नाचलो. दादा म्हणाला, झालं ना तुझ्या मनासारखं, आता शांत बस. दीड-दोन वर्षं अशी सुखात गेली. चूल एक, गल्ला एक, त्या भोकातून आमचं बोलणं सुरूच. रोलरच्या आवाजावर आवाज काढून तो मला शिव्या द्यायचा, मी परत द्यायचो.

पण वाहन थांबायचं रस्त्यावर. उतरणारा माणूस आधी मला पाहायचा. काटा माझ्याकडे, खुर्ची माझ्याकडे, पाटीवर फर्म माझी. व्यापारी मला शेठ म्हणायला लागले आणि मला ते गोड लागायला लागलं. दादाच्या दाराकडे जायला बाजूची बोळ, तिथं चिखल, आणि मागे नाला. कोणीतरी त्याच्या अर्ध्याला मांगची, म्हणजे मागल्या बाजूची, मिल म्हणायला लागलं. मी कोणाला टोकलं नाही. एकदा लोणारकडचा एक नवा व्यापारी आला होता. भोकातून दादाचं तोंड दिसत होतं, भुवयांवर पीठ, डोक्याला रुमाल. व्यापाऱ्यानं मला विचारलं, ते मांगच्या मिलवाले तुमच्याकडेच कामाले आहेत का? मी हसलो आणि म्हणालो, "हो, असंच समजा."

थट्टा होती ती. म्हणजे मी तशी स्वतःची समजूत घातली. दादानं ऐकलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना त्यानं घास खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "वाटणी खोटी होती नं? मंग उचलतानी तुनं रस्ता काऊन पाह्यला?"

मी भडकलो. माझा हा स्वभावच आहे, चूक माझी असली की आवाज चढतो. मी ताट सरकवलं आणि घरात सगळ्यांसमोर म्हणालो, "मिल मी चालवतो. तू नुसता रोलर फिरवतं."

हे वाक्य मी आजही झोपेत ऐकतो. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. दादा उठला, हात धुतले, खुंटीवरचा सदरा घातला आणि बाहेर गेला. मी तेव्हा त्याच्या मागे जायला पाहिजे होतं. अंगणापर्यंत गेलो असतो तरी पुरलं असतं, तो तेवढ्यावरही मानला असता. मी बसून राहिलो, कारण मला वाटलं तो येईल. तो नेहमी यायचा.

आठवड्याभरानं मिलमध्ये गेलो तर भिंतीतलं भोक बुजलेलं. विटा दादाच्या बाजूनं लावल्या होत्या, माझ्या बाजूला ओलं सिमेंट बाहेर आलं होतं. महिन्याभरात चूल वेगळी झाली. खोट्या वाटणीपत्रात लिहिलं होतं तसंच सगळं झालं, एका शब्दाचाही फरक नाही.

अर्ध्या मिलीवर डाळ होत नाही. माझ्याकडे रोलर नव्हता, मी घेतला. त्याच्याकडे चाळणी नि काटा नव्हता, त्यानं घेतला. मोटरी वाढल्या, भार वाढवून घ्यावा लागला, आणि मी पंचविसावर गेलो, तो चोविसावर. दोघंही वीसच्या वर. ज्या जड दरातून सुटायला भिंत घातली तो दर आता आम्ही दोघं भरतो, आणि स्थिर आकारही दोन दोन. ठेकेदार बिल हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. त्याला म्हणालो, निघ इथून.

दादाची खबर मला एकाच ठिकाणाहून मिळायची, त्याच्या मीटरवरून. दोन्ही मीटर माझ्या दाराशीच होते ना. सकाळी आपला आकडा पाहायच्या बहाण्यानं मी त्याचाही पाहायचो. युनिट भराभर पळाले की समजायचं, हरभरा जोरात आहे, दादा बरा आहे. हंगाम संपला की दोन्ही मीटर सोबतच मंद व्हायचे. कोणाला सांगायची सोय नाही, पण मला त्यात बरं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी ऐन तुरीच्या दिवसात त्याचा आकडा हललाच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा दिवस. रीडिंग घेणारा आला त्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्हाले माहीत नाही का? संभाजीनगरला नेलं त्यांना, हृदयाचं काही झालं म्हणे.

माझ्या सख्ख्या भावाचं ऑपरेशन मला रीडिंगवाल्याकडून कळलं. मी तसाच निघालो, बायकोला फोन गाडीतून केला. दवाखाना शोधून पोचलो तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली, काल घरी सोडलं. पायऱ्यांवर बसून मी लहान लेकरासारखा रडलो. गावात परत आलो आणि त्याच्या घरासमोरून तीनदा गेलो. दार उघडं होतं. आत नाही गेलो. काय म्हणून जायचं, हेच ठरेना. पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या मीटरचा आकडा हलला, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता यावर्षी वीज पुन्हा महाग झाली आणि मी पुन्हा बिल उलटं केलं. आता म्हणे दिवसा उन्हाच्या वेळात सवलत आणि संध्याकाळी जादा. जाणकार सांगायला लागले, कंपनीच्या तारेवर विसंबू नका, वीज कोणाकडून घ्यायची ते आता तुम्ही ठरवा. मी तिघांना बोलावलं. पहिल्यानं डिझेल जनरेटर दाखवला, त्याचा हिशोब ऐकूनच धूर निघाला. दुसरा म्हणाला, पॅनल आमच्या खर्चानं लावतो, तुम्ही फक्त युनिटमागे दर द्या, वीस वर्षांचा करार. दर ऐकून कोणीही भाळेल. पण मी कागद उलटून वाचणारा. आत लिहिलं होतं, दर दरवर्षी वाढत जाईल, आणि वापरा न वापरा, ठरलेल्या युनिटचे पैसे द्यावेच लागतील. आमची मिल हंगामात धावते, बाकी वर्ष ढेकर देत बसते. त्याला हात जोडले. तिसरा हा अकोल्याचा इंजिनीअर. पॅनल आपले, मीटर दोन्हीकडे फिरणारा, उरलेली वीज कंपनीला जायची आणि बिलातून वजा व्हायची. त्याचे कागद सरळ होते. त्याला मी हो म्हणणार, तेवढ्यात तो शिडीवर चढला आणि ऊन तिकडे आहे म्हणाला. माझ्या उतारावर उंच स्टँड लावले तर वारा धरतील, पत्रा उचकटेल. दक्षिणेकडे पत्र्याला चिकटून बसतील. फक्त छताच्या मालकाची सही पाहिजे.

एवढ्या वर्षांनी मी त्या बोळीतून गेलो. दादा दारात बाजेवर बसला होता. केस पांढरे, छातीचं हाड सदऱ्यातून दिसत होतं. मला पाहून तो सरकला, म्हणजे बसायला जागा केली. मी एरवी तोंडाळ माणूस. छापील फॉर्मच पुढं केला. त्यानं चष्मा लावून पॅनलचं चित्र पाहिलं, वजन किती, भोकं कुठं पाडणार, पावसात गळणार नाही ना, असं सगळं विचारलं. मी सांगितलं, की जेवढी वीज होईल तेवढी दोघांची, अर्धी अर्धी. तो वर पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांकडे पाहून म्हणाला, "तिसरी कैची कमजोर आहे. आधी तिले अँगल मार, मंग वजन ठेव."

माझे डोळे भरून आले. तोच दादा, तोच आवाज. वहिनी चहा घेऊन आली, माझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत म्हणून तिनं विचारलं. दादा म्हणाला, कागद ठेवून जा, भरून ठेवतो, उद्या ने. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तो घडी करून दिला आणि मी वरच्या खिशात ठेवला. दादानं दिलेला कागद उघडून तपासायचा, असं मी आयुष्यात केलं नव्हतं. घरी येऊन बायकोला म्हणालो, यंदा दिवाळीचं फराळाचं एकाच घरात करा. ती पदर डोळ्याला लावून आत गेली. मला तर भिंत कुठून पाडायला घ्यायची तेही दिसायला लागलं होतं.

इंजिनीअरला सोबत घेऊन मेहकरच्या वीज ऑफिसात गेलो, तिथल्या साहेबांनी कागद उघडला. नाव वाचलं, आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. म्हणाले, "याच्यात खाडाखोड झाली आहे. असं चालत नाही."

मी वाकून पाहिलं. खाली एक रकाना होता, अर्जदाराशी नाते. दादाच्या घोटीव अक्षरात तिथं 'भा' लिहिलेलं होतं. त्याच्यावर आडवी रेघ. आणि रेघेच्या पुढं, तेवढ्याच स्वच्छ अक्षरात, 'शेजारी'.

इंजिनीअर काहीतरी समजावत होता. साहेब म्हणाले, नवा फॉर्म घेऊन जा, पुन्हा भरून आणा, आणि नातं काय असेल ते एकच लिहायला सांगा. मी हो म्हणालो.

त्याला आता अडीच महिने झाले. इंजिनीअरचे फोन येतात, दर वाढायच्या आत बसवून घ्या म्हणतो, मी उद्या म्हणतो. कोरा फॉर्म काट्याजवळच्या खणात आहे. बोळ काही लांब नाही, चार पावलं आहेत. पण दुसऱ्यांदा दादा त्या रकान्यात काय लिहील, ते वाचायची माझी हिंमत होत नाही.